क्षितिजाचा सांधा : एका सागरचित्राचे प्रतीकवाचन

गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचे ‘महालाट’ (सेत, १८५७) हे छायाचित्र सागराच्या अनंततेचे प्रतीक म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. फुटणारी लाट, दूरवर धक्क्याची काळसर रेघ आणि वर ढगांनी भारलेले आकाश यांमुळे तसा अर्थ सहज सुचतो. परंतु तो पक्का करण्यापूर्वी निर्मितिप्रक्रिया पाहणे अगत्याचे आहे. तत्कालीन कोलोडियन काचा निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असत. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पडे. म्हणून ल ग्रे याने समुद्र आणि आकाश यांच्या दोन स्वतंत्र काचा क्षितिजरेषेवर जुळवून एक प्रत काढली. ज्या रेषेवर अनंततेचा सारा भार, तीच सांध्याची रेषा. रोलां बार्थ याने १९८० च्या आपल्या ग्रंथात छायाचित्राचे सार भूतकालीन अस्तित्वाच्या साक्षीत पाहिले. येथे साक्षी दोन आहेत, आणि त्या एका क्षणाच्या नाहीत. त्यामुळे प्रतीक खोटे ठरत नाही. ते कवितेतील प्रतिमेप्रमाणे रचलेले आहे, इतकेच.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्याशी संबंधित विल्यम जॉन्सन याच्या मुंबईतील जातिजमातींवरील दोन खंडांतही (१८६३, १८६६) माणसे एका काचेवरची, पार्श्वभूमी दुसरीवरची अशी जोडणी आढळते. तंत्र जवळचे, परिणाम मात्र भिन्न. ल ग्रे याच्या सांध्यातून अनंतता साकारते. जॉन्सनच्या सांध्यातून माणसाचा ‘नमुना’ होतो. अभ्यासकाने अधिक अस्वस्थ व्हावे ते या दुसऱ्या जोडणीने.

मराठी किनाऱ्याच्या चित्रांना सागराचा हाच संकेत लावणे मात्र धोक्याचे आहे. पनवेलजवळच्या रोडपालीचे पाणी खाडीचे. अशा ठिकाणी मोकळे क्षितिज क्वचितच मिळते. समोर चिखल, तिवरांची झाडी आणि मागे डोंगर. या पट्ट्यातील खारभूमीत बांध भरतीचे पाणी अडवतो, ओहोटीला उघाडीतून शेतातले पाणी बाहेर जाते. पाण्याची कड ही येथे भातशेतीची हद्द असते, आणि ती सतत राखावी लागते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. पुढे नवी मुंबईच्या उभारणीत कळंबोलीची वसाहत झाली व रोडपाली तिच्यालगत आली. अशा खाडीच्या छायाचित्रात ल ग्रे याच्या क्षितिजाची जागा बांधाची आडवी रेघ घेते. तीही सांध्याचीच रेघ आहे, पण गोड्या आणि खाऱ्या पाण्यामधली. आणि ती माणसांनी घातली आहे हे चित्रात उघड दिसते.