एमएसडब्ल्यू केल्याशिवाय संस्थेत घेत नाहीत का?

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे. पुण्यात आयटी कंपनीत बारा वर्षं काढली. आता एखाद्या सामाजिक संस्थेत काम करायचं मनात आहे. पत्नी म्हणते, सरळ अर्ज करा. मित्र म्हणतो, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. खरं काय?

उत्तर : संस्थेत जाऊन तुम्ही करणार काय, यावर ते ठरतं. आणि पत्रात नेमकं तेवढंच लिहायचं राहून गेलं आहे!

संस्था म्हटलं की झोळी आणि वस्ती डोळ्यांपुढे येते. आत डोकावलं तर हिशेब, माणसांची भरती, देणगीदारांना पाठवायचे अहवाल हेही दिसतं. त्यात २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ने भर घातली. मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पैसा कंपनीचा, त्यामुळे प्रश्नही कंपनीचे : किती मुलं, किती गावं, आकडे कुठे आहेत? ही भाषा तुम्ही बारा वर्षं बोलत आलात. अशा कामासाठी दोन वर्षं कॉलेजात बसायची गरज नाही. इथे तुमच्या पत्नीचं खरं.

प्रत्यक्ष गावात, वस्तीत काम करायचं असेल तर मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त कारण वेगळं. एमएसडब्ल्यूत करुणा शिकवतात असा एक गोड समज आहे. खरी किंमत असते ती फील्डवर्कची. विद्यार्थ्याने साधारण आठवड्यातले दोन दिवस बाहेर काम करायचं, टिपण लिहायचं आणि ते मार्गदर्शकाने तपासायचं. सकाळी अकराला बैठक ठेवली आणि एकही बाई आली नाही, की नवखा लिहितो, 'महिलांना रस नाही.' मार्गदर्शक विचारतात, 'अहो, अकराला त्या खुरपणीला गेलेल्या असतात, ठाऊक नव्हतं का?' तीन महिन्यांत प्रकल्प हातावेगळा करायची सवय असलेल्या माणसाला हे थोडं जड जातं.

हे काम शिकून करायचं असतं, हा विचार मुंबईत जुना आहे. १९३६मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था तर तुमच्या घराजवळच असेल.

'पदवीऐवजी फेलोशिप घेतो' असंही मनात येईल. मार्ग उत्तम, पण वय आडवं येतं. स्टेट बँकेच्या 'यूथ फॉर इंडिया'ची मर्यादा ३२ वर्षं आहे, तर मुख्यमंत्री फेलोशिप २६ला संपते. एमएसडब्ल्यू तिशी उलटलेलेही करतात. चाळिशीकडे झुकलेल्यांना ही पदवी आवडते त्यामागे हेही एक कारण असावं, असा माझा अंदाज.

राहिला पगार. ना-नफा म्हणजे फुकट काम, हा गैरसमज. संस्थेकडे शिल्लक राहू शकते, ती सभासदांत वाटून घेता येत नाही, इतकाच अर्थ. पगार तोकडे असतात, कारण देणगीदाराला शाळा बांधलेली बघायला आवडते, कारकुनाचा पगार भरायला नाही. परदेशी देणगीतून तर २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुढे नेताच येत नाही. ही अडचण पदवीने सुटत नाही. म्हणून फीसाठी कर्ज काढणार असाल, तर हप्ता संस्थेच्या पगारात बसतो का ते आधी मांडून बघा, कंपनीच्या नव्हे.

राजीनाम्याची घाई नको. शिल्लक रजेतले पंधरा दिवस एखाद्या संस्थेला द्या आणि तिच्या कार्यकर्त्यांबरोबर फिरा. परतल्यावर ऑफिसातल्या टेबलाची आठवण आली, तर हिशेब-अहवालाच्या जागेसाठी अर्ज करा. गावातलीच आठवण येत राहिली, तर प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरा. टिसच्या समाजकार्यातल्या एमएसाठी सध्या सीयूईटी-पीजी द्यावी लागते.