कीटकनाशकाचा परवाना : नूतनीकरण, निलंबन आणि स्वेच्छेने थांबणे

बऱ्हाणपुराहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाहपूर लागते. भोवती केळी आणि कापूस. ही दोन्ही पिके औषधांवाचून क्वचितच हाती येतात. म्हणून औषध विकणारा आणि धान्यकोठारांना विषारी धुरी देणारा, या दोन्ही व्यावसायिकांशी ग्रामस्थांचा नित्य संबंध येतो. त्यांच्या भिंतीवरील परवान्याचा अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो.

या परवान्यामागे एक दुर्घटना आहे. १९५८ साली केरळात, जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे विष मिसळले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ चे नियम आले. अधिनियमाच्या कलम १३ ने विक्री आणि साठवण यांबरोबरच व्यावसायिक कीडनियंत्रणही परवान्याच्या कक्षेत आणले.

परवाना हा स्थळाशी निगडित असतो. शाहपुरात दुकान असलेल्याने रावेरात दुसरे उघडले, तर तेथे वेगळा परवाना लागतो. राज्याची सीमा जवळ असल्याने ही चूक सहज घडते. शिवाय ॲल्युमिनियम फॉस्फाइडसारख्या धुरीच्या औषधासाठी नुसते शुल्क पुरत नाही, विहित शिक्षण आणि प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती लागते. हवेतील ओलाव्याने या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो; बंद खोलीत तो प्राणघातक ठरतो. त्यामुळे मुदतीच्या परवान्याचे नूतनीकरण करताना केवळ तारीख पाहून भागत नाही. ज्याच्या प्रशिक्षणाच्या आधारे परवाना मिळाला, तो मनुष्य अद्याप कामावर आहे काय, हे आधी पाहावे. तो सोडून गेला असेल आणि धुरीचे काम तसेच चालू राहिले, तर भिंतीवरचा कागद कोणाचेही रक्षण करीत नाही.

निलंबनाविषयी गैरसमज अधिक आहेत. कीटकनाशक निरीक्षकाने एखाद्या मालाची विक्री काही दिवसांपुरती थांबविली, तर तो परवान्याचा निलंबन-आदेश नव्हे. निलंबन वा रद्द करण्याचा अधिकार कलम १४ अन्वये परवाना अधिकाऱ्यास आहे. खोटी माहिती देऊन परवाना घेतला असेल, किंवा अटींचा भंग झाला असेल, तरच तो वापरता येतो. आणि तत्पूर्वी परवानाधारकास कारणे दाखविण्याची संधी द्यावी लागते. आदेश मान्य नसल्यास कलम १५ अन्वये ३० दिवसांत अपील करता येते. नोटिशीला उत्तर न देता गप्प बसणारे दुकानदार ही संधी आपणच घालवितात.

काही जण आजारपणामुळे वा मंदीमुळे धंदा काही काळ थांबवू इच्छितात आणि त्यासाठी परवाना ‘स्थगित’ करून मागतात. कलम १४ चे निलंबन ही दोषावरील कारवाई आहे, सोय नव्हे. अशा व्यावसायिकाने परवाना अधिकाऱ्यास लेखी कळवावे, शिल्लक साठ्याची नोंद पूर्ण करावी आणि खोली कुलूपबंद ठेवावी. दुकान बंद असले, तरी आतील विष बंद होत नाही.

हे सर्व कागदोपत्री वाटेल. परंतु २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने किमान २० शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. डब्यावरील लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा आणि पिवळा तीव्र विषाचा, हे मजुरास सांगण्याची पहिली संधी विक्रेत्यालाच मिळते. फवारणीस निघालेल्या माणसाची भेट अनेकदा त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाही जाणकाराशी होत नाही.