परीक्षक मानेवर बसला की

मराठीत लिहिणाऱ्याचं वर्ष जून-जुलैतच तापायला लागतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ऐन पावसाळ्यात कथा-कवितांची मागणी सुरू होते. मराठवाड्यातल्या लोह्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतला तरुण शिक्षक यंदा येईल त्या संपादकाला ‘हो’ म्हणून बसला. मग त्याला एक ओळ सुचेना. रविवारी तो आपल्या कॉलेजातल्या बाईंकडे गेला. बाई निवृत्त झाल्या आहेत, पण विद्यार्थ्यांच्या कथा अजून हातात पेन्सिल घेऊनच वाचतात.

“बाई, आधी लिहायला बसलो की रात्र कधी सरायची कळायचं नाही. आता वही बघितली की डोकं धरतं. लई लिहिलं म्हणून असं झालं का?”

“तसं असतं तर बाबूराव अर्णाळकरांच्या हातून हजारावर रहस्यकथा झाल्या नसत्या,” बाई म्हणाल्या. “आण इकडं, काय लिहिलंस ते बघू.”

कथा माळेगावच्या यात्रेतली होती. लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या या यात्रेत घोड्या-गाढवांचा मोठा बाजार भरतो. पहिल्या खर्ड्यात एक व्यापारी घोड्याचा ओठ अंगठ्यानं वर सारतो, दात बघून वय ताडतो, हात धोतराला पुसतो आणि भाव न विचारताच पुढं जातो. दुसरा खर्डा एका स्पर्धेसाठी केलेला. त्यात तोच व्यापारी शेतकऱ्याच्या दुःखावर पानभर बोलतो.

“हे भाषण कुणासाठी?”

“परीक्षकांसाठी,” तो खालमानेनं म्हणाला.

बाईंनी त्याला एक प्रयोग सांगितला. टेरेसा अमाबिले या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1985 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी 72 तरुण लेखकांकडून हायकूच्या धर्तीच्या कविता लिहवून घेतल्या. शिरीष पैंनी मराठीत रुजवला, तोच हा प्रकार. दोन कवितांच्या मधे काहींना लिहिण्यातल्या आनंदाची कारणं वाचायला देऊन त्यांचा क्रम लावायला सांगितला, तर काहींना पैसा, नाव, नोकरी अशी कारणं दिली. दुसऱ्या गटाच्या पुढच्या कवितेचा दर्जा स्पष्टपणे उतरला. कुणाला बक्षीस दिलं नव्हतं की धमकावलं नव्हतं. नुसता विचार मनात आला, तेवढ्यानं हे झालं.

“म्हणजे स्पर्धेला पाठवायचंच नाही?”

“पाठव की. पण कथा पुरी झाल्यावर. लिहिताना परीक्षक मानेवर बसवून घेऊ नकोस.”

त्यानं मोबाइलवर वाचलेला ‘बर्नआउट’ हा शब्द काढला. बाईंनी तिथं त्याला थोडं थांबवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली त्याची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. संघटना त्याला आजार म्हणत नाही; नोकरीतला ताण दीर्घकाळ आवरला नाही की येणारी ती अवस्था आहे. “तेव्हा आधी बघ, थकवा कथेचा आहे का शाळेचा. दिवसभर वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं; ते सगळं अंगावर घेऊन रात्री वहीपुढं बसतोस आणि दोष वहीला देतोस.”

हे निदान मोलाचं आहे. नोकरी करून लिहिणारे कितीतरी जण इथंच चुकतात आणि चांगली लेखणी खाली ठेवतात.

“पण लिहिणं थांबवलं तर लोक विसरतील ना, बाई?”

“भालचंद्र नेमाड्यांची ‘झूल’ 1979 ची. पुढची कादंबरी ‘हिंदू’ आली 2010 साली. कोण विसरलं? अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह 1977 चा. ‘भिजकी वही’ यायला 2003 उजाडलं. पोट जाहिरातीच्या कलाकामावर चालायचं, म्हणून कवितेला घाई नव्हती.”

रोज किती लिहावं, यावर त्यांनी हेमिंग्वेचा धडा सांगितला: विहिरीत खोल पाणी शिल्लक असतानाच थांबायचं, रात्रीतून झरे ती भरतात. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विहीर कोरडी पडेपर्यंत मोटर कुणी चालवत नाही. पुढचा प्रसंग डोक्यात तयार असताना वही मिटली, तर दुसऱ्या दिवशी बसणं सोपं जातं.

त्यानं शेवटी जरा चाचरत विचारलं, “आणि एवढं करूनही कशातच जीव रमला नाही तर?”

“लिहिणंच नकोसं झालं असेल तर महिनाभर नुसतं वाच. पण झोप, भूक, माणसं, सगळंच नकोसं झालं तर तो लेखनाचा प्रश्न राहत नाही. मग डॉक्टरकडे जायचं.” सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येतं. लोहा, कंधार, अहमदपूर अशा गावांतून लिहिणाऱ्यांनी हा क्रमांक आपल्या फोनमध्ये जरूर ठेवावा.