गर्भ टिकत नाही तेव्हा

माझा पहिला गर्भ सातव्या आठवड्यात गेला. दुसरा अकराव्या आठवड्यात, सोनोग्राफीत ठोके दिसून गेल्यानंतर. पुढे मुलगी झाली, आता ती शाळेत जाते. मधल्या काळात आम्ही दोघं जे शिकलो, ते सुरुवातीलाच कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं. म्हणून ओळखीत कुणावर ही वेळ आली की मी जाऊन बोलते. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं नि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण त्यांना काय विचारायचं, हे मी सांगू शकते.

१. आधी बाईला दोष देणं थांबवा.

दिवस राहिल्याचं नक्की झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण १५ जणींचा गर्भ जातो, बहुतेकींचा पहिल्या तीन महिन्यांत. आणि या सुरुवातीच्या काळात गेलेल्या गर्भांपैकी निम्म्यांत तरी गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं हवीत. सोळाव्या क्रमांकाचं एक जास्त आलं, तर तो गर्भ वाढूच शकत नाही. ही चूक बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच झालेली असते आणि वयाबरोबर तिची शक्यता वाढते. पंचविशीत दहातल्या एकीचा गर्भ जातो, चाळिशीत साधारण तिघींतल्या एकीचा, पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक जणींचा.

माझ्या वेळी घरात काय काय निघालं! जिना चढली, स्कूटरवर बसली, पपई खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली. गुणसूत्रांचा हिशेब गर्भ राहिला त्या दिवशीच ठरून गेलेला असतो. पुढच्या महिन्यातली स्कूटर तो बदलू शकत नाही. हे मी सासूबाईंना शांतपणे समजावलं आणि त्यांना ते पटलं. घरच्या मोठ्यांना नीट सांगितलं की कळतं, हा माझा अनुभव आहे.

२. गेलेला गर्भ तपासायला पाठवा, आणि ते क्युरेटिंगच्या आधी बोला.

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. पिशवीतून काढलेल्या भागाची गुणसूत्र तपासणी होते. त्यासाठी तो निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवून लगेच प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये घातला की पेशी मरतात आणि ही तपासणी जवळजवळ हातची जाते. माझ्या दुसऱ्या वेळी त्या रुग्णालयात नेहमीच्या सवयीने बाटलीत फॉर्मेलिन ओतलं गेलं आणि उत्तर कायमचं गेलं. तपासणीला काही हजार रुपये लागतात, प्रत्येकाला परवडेल असं नाही. पण गुणसूत्रं चुकलेली निघाली तर या वेळचं कारण कळतं आणि पुढच्या बऱ्याच तपासण्यांचा खर्च वाचू शकतो. गुणसूत्रं ठीक निघाली, तर कारण दुसरीकडे शोधायचं हे कळतं.

तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर त्याच वेळी अँटी-डी इंजेक्शनचंही विचारा. ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. ते पुढच्या बाळासाठी असतं.

३. ‘अजून एकदा बघू’ यावर दुसऱ्यांदा थांबू नका.

पूर्वी लागोपाठ तीन गर्भ गेल्याशिवाय तपासण्या सुरू करत नसत. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेने ही मर्यादा दोनवर आणली. आपल्याकडे कुणी दोननंतर तपासतं, कुणी तीननंतर. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर तिसऱ्या दुःखाची वाट का पाहायची?

४. रक्त गोठण्याचा दोष सापडला तर त्यावर उपाय आहे.

माझ्यात हाच निघाला. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असं त्याचं लांबलचक नाव. शरीर स्वतःच्याच विरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यामुळे वारेत गुठळ्या होतात आणि वार नीट रुजतही नाही. त्यासाठी तीन तपासण्या असतात : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनची प्रतिपिंडं. एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणून निदान होत नाही. साध्या तापानंतरही ही प्रतिपिंडं काही काळ दिसू शकतात. किमान १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. ते आठवडे फार जड जातात, पण ते टाळू नका.

उपचार म्हणजे अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी आणि हेपरिनची इंजेक्शनं. १९९७ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के बायकांना मूल झालं, हेपरिन जोडल्यावर ७१ टक्के. हेपरिन रोज पोटाच्या कातडीत टोचायचं असतं. माझा नवरा नर्सबाईंकडून शिकला आणि रोज रात्री जेवणानंतर त्यानेच टोचलं. पोटावर निळे-काळे डाग पडतात, त्यांना घाबरू नका. एक बाजू आज, दुसरी उद्या.

५. चौथ्या-पाचव्या महिन्यात गेला असेल तर पिशवीकडे बघा.

माझ्या जाऊबाईंचं दुखणं वेगळं होतं. पाचवा महिना, बाळ हलायला लागलेलं, फारशा कळाही नाहीत, आणि पिशवीचं तोंड उघडलं. नंतर त्यांना दूध आलं. त्याची कुणी कल्पनाच दिली नव्हती, आणि ते त्यांना सगळ्यात जड गेलं. पुढच्या वेळी तिसरा महिना संपताना पिशवीच्या तोंडाला टाका घातला, नववा लागल्यावर काढला, आणि मुलगा झाला.

गोव्यातल्या शिरोड्याचे आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली हा टाका जगापुढे मांडला. आजही जगभरचे डॉक्टर त्याला शिरोडकरांच्याच नावाने ओळखतात. मला त्याचा फार अभिमान वाटतो. मात्र सातव्या-आठव्या आठवड्यात जाणाऱ्या गर्भाला या टाक्याचा उपयोग नाही. पिशवीत जन्मजात पडदा आहे का, हे थ्रीडी सोनोग्राफीत दिसतं, तेही बघून घ्या.

६. नवऱ्यानेही रक्त द्यावं.

वारंवार गर्भ जाणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी तीन ते पाच जोडप्यांत दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत जागा बदललेले असतात. तो माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला कधी कळतही नाही. दोघांची कॅरिओटाइप तपासणी केल्याशिवाय हे समजणार नाही. तरी डॉक्टरांकडे, देवळात, त्र्यंबकेश्वरला शांतीला, सगळीकडे पुढे केली जाते ती सून. तंबाखू आणि सिगारेट पुरुषानेही सोडायला हवी. मिश्री लावणाऱ्या बायांनी मिश्री. साखर आणि थायरॉइड बाईचं तपासलं जातंच, ते आटोक्यात आल्यावरच पुढचा विचार करा.

७. सगळ्याच तपासण्या आणि औषधं कामाची नसतात.

टॉर्च नावाची तपासणी अजूनही सर्रास लिहून देतात. रुबेला, टॉक्सोप्लाझ्मा वगैरेंची लागण होऊन गेल्याच्या खुणा आपल्यापैकी अनेकांच्या रक्तात असतातच. पुन्हा पुन्हा गर्भ जाण्याचं कारण म्हणून त्या धरत नाहीत. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याच्या उपचाराचा फायदा सिद्ध झालेला नाही. संशोधनाबाहेर तो करू नये, असं अमेरिकेच्या औषध नियामकाने २००२ मध्येच बजावलं. दोष सापडलेला नसताना हेपरिन घेण्यालाही आधार नाही. प्रोजेस्टेरॉनचं जरा वेगळं आहे. आधी गर्भ गेलेला असेल आणि या वेळी अंगावरून रक्त जायला लागलं, तर त्याचा फायदा होऊ शकतो, असं २०१९ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. मात्र कारण न सापडलेल्या सगळ्यांना सरसकट दिल्याने फरक पडला नव्हता. म्हणून प्रत्येक औषधाला विचारा : हे माझ्या कोणत्या रिपोर्टवरून?

८. काहीच सापडलं नाही, तरी दार बंद होत नाही.

जवळजवळ निम्म्या जोडप्यांत सगळे रिपोर्ट चांगले येतात. ऐकायला ते भयंकर वाटतं. पण यांतल्या बहुसंख्य बायकांना पुढे कोणत्याही खास औषधाशिवाय मूल होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत लवकर लवकर सोनोग्राफी करून धीर देणारे डॉक्टर शोधा.

९. नोकरी करत असाल तर कायद्याची सुट्टी घ्या.

मातृत्व लाभाचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी गर्भ गेल्यावर सहा आठवड्यांची पगारी सुट्टी मिळते. अट एवढीच, की आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. आमच्या ऑफिसातल्या एक बाई तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या होत्या. हा कायदा त्यांना ठाऊकच नव्हता. डॉक्टरांचा दाखला जोडा, लेखी अर्ज द्या आणि घरी जाऊन झोपा.