झाडाच्या सालीतील विषाणुरोधक द्रव्यांचा शोध

झाडाची साल म्हणजे केवळ खोडावरील आवरण नव्हे. कीड व बुरशी यांच्याशी झाडाचा पहिला सामना तेथेच होतो, आणि त्यासाठी लागणारी टॅनिन, राळ, चीक यांसारखी द्रव्ये सालीत साठलेली असतात. यांपैकी एखादे द्रव्य माणसास जडणाऱ्या विषाणूंनाही आवर घालील काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

बोर्निओ बेटावरील सारावाक येथे १९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी वनस्पतींचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांत आपल्या उंडीच्या प्रजातीतील एका झाडाची पाने व डहाळ्या होत्या. त्यांचा अर्क एड्सच्या विषाणूची वाढ रोखतो असे प्रयोगशाळेत आढळले, आणि १९९२ साली त्यातील ‘कॅलॅनोलाइड-ए’ या द्रव्याची माहिती प्रसिद्ध झाली. अधिक नमुने आणण्यासाठी पथक परत गेले, तो ते झाड तोडले गेले होते! त्याच जातीच्या इतर झाडांत ते द्रव्य जवळजवळ मिळेना. एकाच बांधावरील दोन रायवळ आंब्यांची फळे ज्याने चाखली आहेत, त्यास याचे नवल वाटू नये.

पुढे जवळच्याच दुसऱ्या एका जातीच्या सालीतून पाझरणाऱ्या चिकात त्याच गटातील, गुणाने काहीसे सौम्य द्रव्य भरपूर सापडले. चीक रबराप्रमाणे चिरा देऊन काढता येतो; त्यासाठी झाड पाडावे लागत नाही. कॅलॅनोलाइड-ए कृत्रिम रीतीने तयार करून माणसांवर चाचण्याही झाल्या, परंतु ते औषध म्हणून बाजारात आलेले नाही. तेव्हा कोणी सालीच्या काढ्याने एड्स बरा करून देतो म्हणाल्यास ग्रामसेवकांनी रोग्यास सरकारी एआरटी केंद्राकडे पाठवावे. तेथे औषधे मोफत मिळतात.

कोकण किनाऱ्यावरील उंडीच्या पानांतूनही याच गटातील द्रव्ये वेगळी करण्यात आली आहेत. बियांचे तेल आता दिव्यास लागत नाही, एवढ्यावरून जुनी उंडी निरुपयोगी ठरवून तोडणे शहाणपणाचे नव्हे.

औषधासाठी साल काढताना खोडाभोवती पूर्ण कडे कधीही सोलू नये. पानांत तयार झालेले अन्न आतील सालीतूनच मुळांकडे जाते. ती वाट तुटली की मुळे उपाशी राहून झाड वाळते. एका बाजूची अरुंद उभी पट्टी तेवढी घ्यावी व लाकडास इजा होऊ देऊ नये.

गावातील जाणकार कोणत्या झाडाची साल, कोणत्या ऋतूत व कशासाठी वापरतात, याची नोंद जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत करून घ्यावी. परदेशी संशोधक वा संस्था नमुने मागू लागल्यास, जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आहे काय, हे प्रथम विचारावे.