स्वच्छ हवेच्या देशात कॅन्सर जास्त कसा?

प्रश्न : माझी मावसबहीण ऑस्ट्रेलियात असते. तिकडे म्हणे कॅन्सरचं प्रमाण आपल्या कितीतरी पट आहे. इथे रात्री-अपरात्री एमआयडीसीतल्या कारखान्यांचा उग्र वास घरात शिरतो, वालधुनी नदीच्या पाण्याची तर दशा सगळ्यांना ठाऊक आहे. मग कॅन्सर तिकडे जास्त आणि आमच्याकडे कमी, हे कसं?
– एक वाचक, अंबरनाथ पूर्व

उत्तर : बहिणीचं म्हणणं बरोबर आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार ऑस्ट्रेलियात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ४६० नवे रुग्ण आढळतात, भारतात सुमारे १००. तिकडे म्हातारी माणसं जास्त, हा फरक वजा करूनचे हे आकडे आहेत. कडक ऊन आणि गोरी कातडी यांमुळे होणारे त्वचेचे कॅन्सर त्यात मोठ्या संख्येने आहेत. लठ्ठपणा, दारू, उशिरा होणारी किंवा न होणारी मुलं यांनी स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढतं. शिवाय तिथे नियमित तपासण्या होतात, म्हणून रोग सापडतो. आपल्याकडे कित्येकजण निदान न होताच जातात आणि कुठल्याच नोंदीत येत नाहीत.

पण खरा फरक पुढेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अतिप्रगत देशांत १२ पैकी एका बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होतो आणि ७१ पैकी एक त्याने दगावते. सर्वांत मागास देशांत तो २७ पैकी एकीलाच होतो, पण ४८ पैकी एक दगावते. रोग कमी, मृत्यू जास्त. रोग उशिरा कळणं आणि उपचार न परवडणं, ही त्याची मुख्य कारणं.

आता कारखान्यांबद्दल. १८९५ साली फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन या सर्जनला रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्या. रसायनांचा धोका संपन्न देशांनीही असाच कामगारांच्या जिवावर ओळखला. म्हणून रंग-रसायनांत काम केलेल्या कुणाच्याही लघवीतून रक्त गेलं, तर दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवावं. दूषित हवा २०१३ पासून कॅन्सरकारकांच्या यादीत आहे, त्यामुळे हवा-पाण्यासाठी नगरपालिकेच्या आणि प्रदूषण मंडळाच्या मागे लागायलाच हवं. मात्र आपल्या पुरुषांत सर्वांत जास्त आढळतो तो तोंडाचा कॅन्सर, आणि त्याचं मुख्य कारण खिशातल्या पुडीत असतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तंबाखू, मावा आणि बायकांची मिश्री चालूच आहे.

घरी एवढं करा. उजेडात आरशासमोर तोंड उघडा; गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी तीन बोटं जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड दिसलं, तर घरगुती औषधांत दिवस घालवू नका.

वेळेवर तपासणीसाठी देश श्रीमंत असावा लागत नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये साध्या व्हिनेगरने गर्भाशयमुखाची तपासणी केली. डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमातही आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात हक्काने मागा.

परळचं टाटा १९४१ पासून आपल्याच रेल्वेमार्गावर उभं आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून लोकलने थेट जाता येतं, दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना मुभा आहे, आणि खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. ऑस्ट्रेलियाकडून घ्यायची ती वेळेवर तपासणीची सवय. घरात तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेलं कुणी असेल, तर या आठवड्यातच त्यांना तपासणीला घेऊन जा.