बैल तासात आणावा तसं मन

बडनेऱ्याजवळच्या एका खेड्यातले साठीतले काका माझे जुने रुग्ण. रक्तदाबाची गोळी चुकवत नाहीत, पण सोयाबीन काढायचे दिवस आले की त्यांची झोप उडते आणि दाब चढतो. मागच्या खेपेला मी त्यांना गोळीबरोबर रोज दहा मिनिटं ध्यान करायला सांगितलं. पंधरा दिवसांनी आले ते हिरमुसूनच. "डॉक्टरसाहेब, आपल्याच्यानं नाही होत. डोये मिटले का कर्जच दिसते."

मी विचारलं, "काका, डवरताना बैल तास सोडून पऱ्हाटीत घुसला तर काय करता?"

"कासरा ओढतो, अन् तासात आणतो."

"मारत नाही?"

"मारून काय होते? बुजते, अन् आणखी पीक तुडवते."

"दिवसातून किती वेळा ओढावा लागतो?"

"ते कोन मोजते!"

वाचकहो, ध्यान ते हेच. विचार बंद पडले पाहिजेत, मन कोरं झालं पाहिजे, ही समजूत काढून टाका. श्वास, नाम किंवा एखादा आवाज, यापैकी एकावर लक्ष ठेवायचं. ते सुटणारच. सुटलं हे ध्यानात आलं की न चिडता परत आणायचं. दहा मिनिटांत वीस वेळा सुटलं आणि वीस वेळा आणलं, तर वीस वेळा व्यायाम झाला. काकांना कर्ज दिसत होतं म्हणजे ध्यान फसलं नव्हतं. ते दिसतंय हे त्यांच्या लक्षात येत होतं, तिथूनच काम सुरू होतं.

मेंदूतही याच्या खुणा दिसतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली सरावातल्या माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मन भटकल्याचं कळलं की बटण दाबायला सांगितलं. मन भटकत असताना मेंदूचे काही भाग जागे दिसले, भटकल्याचं कळताना वेगळे आणि लक्ष परत आणताना आणखी वेगळे. रिकामा बसलेला मेंदू कालच्या भांडणाकडे आणि उद्याच्या हप्त्याकडे वळतो, हा त्याचा स्वभावच आहे. सरावानं तो स्वभाव जात नाही. आपण वाहवत चाललोय हे लवकर उमगू लागतं. रात्री दोन वाजता जाग आल्यावर तेवढंही पुष्कळ असतं.

आपल्या जिल्ह्याला ध्यान परकं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना हा पाठ गुरुदेव सेवा मंडळानं गावोगाव नेला. डॉक्टर म्हणून मला त्यातलं 'सामुदायिक' मोलाचं वाटतं. एकट्यानं ठरवलेलं आठ दिवसांत सुटतं, चौघांत बसणाऱ्याला शेजारचा हाक मारतो. तुमच्या गावात पहाटे कोणी बसत असेल, तर तिथेच जा.

घरी बसायचं तर मांडी घालायचा हट्ट नको. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकू द्या. सुरुवातीला मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना संथ. तरुणांत हा फरक ठळक असतो, वयानुसार कमी होतो. सोडताना ठोके संथ होतात, म्हणून श्वास सावकाश सोडा, पण रोखून धरू नका. हृदयविकार आणि रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. स्टेशनजवळ राहणारे म्हणतात, गाड्यांच्या भोंग्यात ध्यान कसं लागणार? भोंगा ऐका, तो गेला की श्वासाकडे या. तोही एक कासराच.

आता फायदा किती, तेही नीट सांगतो. 2014 साली 47 चाचण्या आणि साडेतीन हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. चिंता, उदासी आणि वेदना यांत थोडा ते मध्यम उतार दिसला. मात्र औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस आहे, असं दिसलं नाही. 2022 साली चिंताविकाराच्या 276 जणांवर झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांचं ध्यानप्रशिक्षण एका प्रचलित गोळीच्या तोडीचं ठरलं. पण त्या लोकांनी वर्गात शिकून रोज पाऊण तास सराव केला होता. माझी दहा मिनिटं ही फक्त सुरुवात. तेव्हा ध्यान करतो म्हणून कोणी रक्तदाबाची, साखरेची किंवा मनोविकाराची गोळी परस्पर बंद करू नये. असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या एकाला पक्षाघात झाल्यावर आणलं होतं.

आणखी एक. डोळे मिटल्यावर कोणाला छातीत धडधड होते, जुना आघात उसळून वर येतो. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, श्वासाऐवजी तळपायाच्या स्पर्शाकडे लक्ष द्यावं, आणि तरीही त्रास झाला तर थांबावं. ज्यांना पूर्वी भास किंवा तीव्र उदासीनता होऊन गेली आहे, त्यांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना विचारावं.

आणि घरातलं कोणी जेवत नसेल, बोलत नसेल, 'आता जगून काय करू' म्हणत असेल, तर त्याला ध्यानाला बस म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि 14416 या टेलि-मानसच्या नंबरवर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस सुरू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.